रात्रीचा पाऊस आणि गटाची पेटी

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पाऊस तर दरवर्षीच पडतो, मग पूर असा अचानक कसा येतो?" म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

हिशोबापासून सुरू करू, तो आपल्याला जमतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. रात्रीतून २०० मिमी पडला, तर २० बाय २५ फुटांच्या एका घराच्या पत्र्यावरच नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. आता अख्खा डोंगर धरा. जमीन आधीच भिजलेली, पाणी मुरणार कुठे? ते सगळं ओढ्यात येतं. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते असंच, वर सह्याद्रीत रात्रभर कोसळलेल्या पावसाचं. त्यात भरती असली की खाडीकडे पाणी लवकर उतरत नाही. म्हणून आपल्या अंगणात पाऊस थांबला तरी ओढा वाढू शकतो, हे ध्यानात असू द्या.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका गटात पाणी घरात शिरलं. पेटी खाटेखाली होती. इतिवृत्त, पासबुकं, कर्जाची वही, सगळ्याची शाई पसरली. एका ताईंनी भरलेला हप्ता त्यांना पुन्हा मागितला गेला. त्या बैठकीतून रडत उठल्या आणि दोन महिने आल्याच नाहीत. चूक माझीही. वह्यांचे फोटो काढून ठेवा, हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. रेड असेल तर उजेडातच पेटी माळ्यावर, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, जनावरं उंचावर. घर सोडायचंच झालं तर मेन स्विच आणि सिलेंडरचा रेग्युलेटर बंद. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणूस पडतो, त्यामुळे "रोजचाच साकव आहे" म्हणून पुढे जायचं नाही. मदतीला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

नुकसान झालंच तर साफसफाईच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्यांना पंचनाम्यासाठी कळवा.

पुढच्या बैठकीला सचिव ताईंनी पेटी सोबत आणावी. माझ्या मोबाईलवर नको, गटातल्या तिघींच्या मोबाईलवर फोटो काढू.