चुलीतील उष्णतेचा हिशेब

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा हा तापीच्या दक्षिणेकडील, मुख्यतः कोरडवाहू शेतीचा तालुका. कपाशी, ज्वारी, बाजरी पिकविणाऱ्या येथील शेतकऱ्याला शेण दोन कामांसाठी हवे असते : शेतात खत म्हणून आणि घरात जळण म्हणून. गोवऱ्या थापल्या तर खत जाते; खत राखले तर चूल अडते. गोबर गॅस हा पेच कितपत सोडवितो, हे रसायनशास्त्राच्या प्राथमिक गणितानेही पडताळता येते.

एन्थाल्पीतील बदल

स्थिर दाबाखाली घडणाऱ्या रासायनिक अभिक्रियेत जेवढी उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते, तेवढा एन्थाल्पीतील बदल होय. उष्णता बाहेर पडल्यास तो ऋण मानतात. चूल वातावरणाच्या दाबाखाली जळत असल्याने तिलाही हाच हिशेब लागू पडतो. हा बदल अभिक्रियेच्या मार्गावर नव्हे, तर केवळ आरंभीच्या व अंतिम स्थितीवर अवलंबून असतो, असा नियम हेस या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये मांडला. म्हणून उत्पादितांच्या निर्मिती-एन्थाल्पींच्या बेरजेतून अभिकारकांची बेरीज वजा केली की उत्तर मिळते.

गोबर गॅसमध्ये सुमारे ६० टक्के मिथेन असतो. एक मोल मिथेन जळून एक मोल कार्बन डायऑक्साइड व दोन मोल पाणी तयार होते. निर्मिती-एन्थाल्पी किलोज्यूल प्रतिमोलमध्ये अशा : मिथेन −७४.८, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, पाण्याची वाफ −२४१.८, ऑक्सिजनची शून्य.

(−३९३.५) + २ × (−२४१.८) − (−७४.८) = −८०२.३ किलोज्यूल

पाणी द्रवरूप धरल्यास (−२८५.८) हेच उत्तर −८९०.३ येते. मधले ८८ किलोज्यूल वाफेबरोबर निघून जातात. शेगडीच्या हिशेबात म्हणून पहिलाच आकडा घ्यावा.

पाच लिटर पाणी

पाच लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे. पाण्याची विशिष्ट उष्मा ४.१८ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश.

५ × ४.१८ × ७० = १,४६३ किलोज्यूल

शेगडीची कार्यक्षमता ५५ टक्के मानल्यास २,६६० किलोज्यूल उष्णता, म्हणजे सुमारे ३.३ मोल मिथेन लागेल. नेहमीच्या तपमानाला एका मोलचे आकारमान अंदाजे २५ लिटर. म्हणून मिथेन ८३ लिटर आणि गोबर गॅस सुमारे १३८ लिटर. एक किलो ताज्या शेणापासून साधारणतः ४० लिटर गॅस मिळतो. तेव्हा साडेतीन किलो शेण पुरते.

हेच पाणी गोवऱ्यांवर तापविले तर? साध्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के आणि गोवरीची ज्वलन-उष्णता किलोस १३,००० किलोज्यूल मानल्यास सव्वा किलोच्या आतबाहेर गोवऱ्या लागतात. शेण वाळून एक-पंचमांश उरते, असे धरले तर ताजे शेण साडेपाच किलोंहून अधिक होते.

शेतीचा लाभ

गोवरी जळताच तिच्यातील नत्र हवेत जाते. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या मळीत मात्र ते बव्हंशी टिकते आणि शेताला मिळते. थंडीत गॅस कमी निघतो, हेही ध्यानी ठेवावे लागते. केंद्र शासनाने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला, त्यामागे जळण व खत हा दुहेरी लाभ होता. वर्गातील फळ्यावरचे गणित असे गोठ्यापासून शेतापर्यंत पोहोचते.