पंच मारण्याआधी

लेटर पंच म्हणजे टोकावर एकच अक्षर किंवा आकडा उलटा उठवलेला, कडक केलेला पोलादी दांडा. हातोड्याचा घाव बसला की धातूवर ते अक्षर सुलट उमटते. इंग्रजी अक्षरांच्या संचात २७ नग असतात, आकड्यांच्या संचात मात्र नऊच. नऊचा पंच वेगळा नसतो. सहाचाच फिरवून धरायचा. निम्मे घोटाळे इथेच होतात. पंचाच्या अंगावर एका बाजूला खूण असते, ती बाजू नेहमी आपल्याकडे ठेवावी आणि पहिला घाव भंगाराच्या तुकड्यावर घालून पाहावा. धातूत उमटलेले खोडरबराने जात नाही.

पाथर्डी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. फडावर शेजारी-शेजारी कोप्या, सगळ्यांचे पाने, जॅक, कोयते सारखेच. म्हणून खूण हवीच. पण पंच सगळीकडे चालत नाही. पातेल्याचा पत्रा पातळ, त्यावर पंच ठोकला की अक्षर धड उमटत नाही आणि बुडाला पोचा येतो. भांड्यावर नाव घालायचे ते भांडीवाल्याकडून, ठिपक्याठिपक्याने. कोयत्याच्या पात्याची धार कडक पाणी दिलेली असते, तिथे पंचाचेच अक्षर तुटते; खूण मुठीजवळच्या मऊ भागावर करावी. ट्रॉलीच्या कमानपाट्यावर तर हात लावूच नये. ओझ्याखाली वाकणाऱ्या पोलादावरचा खोल घाव म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात.

जागा ठरली की ती पुसून घ्यावी, पट्टी धरून रेघ मारावी आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जावे, म्हणजे शेवटचे अक्षर कडेबाहेर जात नाही. खाली ऐरण किंवा जाड लोखंड हवे. लाकडावर घाव मरतो. पंच काटकोनात, बोटांत घट्ट धरून एकच नेमका घाव घालावा. घाव उथळ बसला तर पंच आधीच्या खाचेत बसल्याचे बोटांना कळेपर्यंत दुसरा घालू नये, नाहीतर अक्षराला सावली पडते.

पंचाचे डोके मुद्दाम मऊ ठेवलेले असते. ठोकून ठोकून ते छत्रीसारखे फुलते आणि त्याची कपची उडते, ती डोळ्यात जाते. फुललेली कड ग्राइंडरवर घासावी आणि गॉगल लावल्याशिवाय हातोडा उचलू नये. गॅरेजमध्ये गॉगल बहुधा खिळ्यालाच टांगलेला असतो.

गाडीच्या चासी नंबरावर मात्र स्वतःचा पंच चालवू नये. पुसट झाला असला तरी तो परस्पर ठोकणे गुन्ह्यात मोडते. त्यासाठी परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो.