गाडी उंच करण्याआधी पूर्ण हिशेब मांडा

थार, जिम्नी किंवा गुरखा दारात आली की वर्षभरात बहुतेकांच्या मनात एक विचार येतोच: दोन इंच उचलून घ्यावी. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात ही निव्वळ हौस नसते. पावसाळ्यात निरगुडपाडा, हर्षेवाडी किंवा वैतरणेच्या बाजूला डांबर सोडून वस्तीच्या रस्त्याला लागलं की ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेले रस्ते आणि वळवलेली वाहतूक. गरज खरी आहे. पण उंची हा तिच्यावरचा पहिला उपाय नाही. दुकानात तुम्हाला किटची किंमत सांगतात, किट बसवल्यानंतर लागणारे पैसे आणि गाडीच्या चालीत पडणारा फरक बहुधा कोणी सांगत नाही. त्याचा हिशेब इथे मांडला आहे. खालच्या किमती ढोबळ आहेत, ब्रँड आणि गाडीप्रमाणे त्या खालीवर होतील.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. सस्पेन्शन उचललं की वर जाते ती चासी आणि बॉडी. जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल आणि २०२०च्या थारचा मागचा ॲक्सल सरळ, अखंड आहेत. त्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंगच्या खाली असतो. तुम्ही गाडी चार इंच उचला, तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, तोही टायरच्या व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्माच. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर१५, म्हणजे व्यास साधारण ६९३ मिमी. त्याजागी २१५/७५ आर१५ घातला तर व्यास ७०४ मिमीच्या आसपास जातो आणि गोळ्याखाली मोकळी जागा वाढते जेमतेम पाच मिलिमीटर. २३५/७५ आर१५ घातला तर वीस मिलिमीटर मिळतात, पण मग स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८५च्या जवळ धावत असते, पिकअप आणि मायलेज दोन्ही घटतात आणि पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर टायर घासतो का, हे बघावं लागतं. म्हणून तुमची गाडी नेमकी कुठे टेकते ते आधी पाहा. खाली वाकून ताज्या खरचटी शोधा. खरचटी गोळ्यावर असतील तर लिफ्ट किटचा उपयोग नाही. चासीच्या मधल्या भागावर, पायरीवर किंवा चेंबरखालच्या पत्र्यावर असतील तर होईल.

आता चालीबद्दल. खर्च करूनही लोक नाराज होतात ते इथे.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्पेसर. स्प्रिंगच्या किंवा स्ट्रटच्या डोक्यावर जाड चकती बसवतात. किट सहा ते पंधरा हजार, मजुरी तीन ते पाच हजार. थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्ट्रट चाकापासून आत बसलेला असल्याने गाडी चकतीच्या जाडीपेक्षा जास्त उचलली जाते. स्प्रिंग तीच राहते, त्यामुळे दुकानातून बाहेर पडताना गाडी पूर्वीइतकीच मऊ वाटते आणि मालक खूश होतो. बदल कळतो तो खड्ड्यात. चाकाला खाली लोंबायला जी जागा होती त्यातली बरीचशी या चकतीने आधीच खाल्लेली असते. चाक खड्ड्यात उतरताना लगेच शेवटच्या टोकाला जातं आणि पुढून ‘टक्’ असा धातूवर धातू आदळल्याचा आवाज येतो. नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर तो ऐकू येणार नाही. मोखाड्याच्या बाजूला तुटलेल्या डांबराच्या कडेवर दर मिनिटाला येईल.

याहून महागात पडतो पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन. गाडी उचलली की चाकाकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरपा होतो आणि त्याच्या टोकाच्या रबरी बुटाच्या घड्या एका बाजूला कायम ताणलेल्या राहतात. बूट चिरला की ग्रीस बाहेर उडतं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या चिकट ठिपक्यांचा पट्टा दिसला की समजा बूट गेला. लगेच बदललात तर काही हजारांत भागतं. भातखाचरातला चिखल आत शिरून सांधा खराब झाला, तर अख्खा शाफ्ट बदलावा लागतो आणि बिल पाच आकडी येतं. थारमध्ये दीड इंचाच्या पुढे जायचं असेल तर वरचे कंट्रोल आर्म बदलण्याचे २५ ते ५० हजार त्याच दिवशी बजेटमध्ये धरा. ते टाळून केलेलं काम मला अर्धवट वाटतं, मग दुकानदार काहीही म्हणो.

दुसरा मार्ग म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा पूर्ण संच. भारतीय बनावटीचा ४५ ते ९० हजारांत मिळतो. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन अशा परदेशी नावांचा संच लाख-सव्वा लाखापासून दोन लाखांपर्यंत जातो. पैसे असतील तर हाच मार्ग योग्य, पण एका अटीवर: स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळणारी हवी. यातल्या बऱ्याच स्प्रिंगा लोखंडी बंपर, विंच, छतावरचं कॅरिअर आणि भरलेली डिकी गृहीत धरून बनवलेल्या असतात. तुम्ही दोघं जण आणि एक पिशवी घेऊन फिरत असाल तर त्या दबतच नाहीत. गतिरोधकावर मागे बसलेला माणूस सीटवरून उडतो, लहान खड्डे थेट मणक्यात जाणवतात. म्हणून विकत घेताना ‘किती इंच’ याआधी ‘किती किलोसाठी’ हे विचारा. याच्या उलट चूक म्हणजे कडक स्प्रिंग घालून जुना शॉकअप तसाच ठेवणं. स्प्रिंगची उसळी आवरायची ताकद त्याच्यात नसते आणि गाडी डुलत राहते. तपासायची रीत सोपी आहे. ताशी वीसच्या वेगाने गतिरोधक ओलांडा. गाडी एका हेलकाव्यात स्थिर झाली पाहिजे. दोन-तीन वेळा वरखाली झाली तर शॉकअप आणि स्प्रिंग जुळलेले नाहीत, काम परत करून घ्या.

जिम्नीची अडचण वेगळी. पुढचा सरळ ॲक्सल उचलल्यावर किंचित फिरतो, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कुचराई करतं. सत्तर-ऐंशीच्या वेगाला गाडी भटकल्यासारखी वाटते. यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश मिळतात, ते किटसोबतच बसवा. ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो, त्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो, एकेक आठ ते पंधरा हजार. ब्रेकची नळी चाक पूर्ण लोंबलेल्या स्थितीत ताणली जात नाही ना, हे जॅकवर गाडी असताना स्वतः पाहा.

बोलेरो कॅम्परवर भाजी-भात वाहणाऱ्यांचं गणित निराळं आहे. तिथे मागे पाटे असतात आणि बाजूला एकेक जादा पाटा टाकून तीन ते सहा हजारांत गाडी उचलली जाते. कायम माल असेल तर सोयीचं. रिकामी परतताना मात्र मागचा भाग दणके देतो आणि ओल्या वळणावर घसरतो. जुन्या पाट्यांना नुसता थंड ठोकून बाक दिला तर काही महिन्यांत ते परत बसतात, त्यावर पैसे घालू नका.

हे सगळं धरून थारचं नीट केलेलं दोन इंची काम टायरशिवाय लाख ते दीड लाखाला जातं. चांगले पाच ऑल-टेरेन टायर घेतले तर आणखी पाऊण लाख ते लाख. उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो. छतावर सामान टाकून आंबोली घाटात वळताना गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते, आणि तो फरक चालकाने लक्षात ठेवायचा असतो. घरात गुडघे दुखणारी आई असेल किंवा तुम्ही भाविकांना फिरवत असाल तर दोन इंच वर चढणं त्यांना जड जातं. पायरीसाठी सहा ते बारा हजार वेगळे ठेवा.

कायद्याचा भाग कुणी टाळू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. परमिटच्या गाडीचं पासिंग अडकू शकतं, अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, सस्पेन्शनची वॉरंटीही जाऊ शकते. म्हणून काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना लेखी विचारा. तोंडी ‘काही होत नाही’ यावर लाखाचा खर्च करू नका.

मग त्र्यंबकच्या माणसाने काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. थारला मुळातच २२६ मिमी आणि जिम्नीला २१० मिमी मोकळी जागा आहे. इथल्या दहापैकी नऊ रस्त्यांना ती पुरते. कमी पडते ती पकड आणि टायरमधल्या हवेचा अंदाज. पहिला खर्च हवा मोजायच्या गेजवर करा, पाचशेच्या आसपास. दुसरा बारा व्होल्टच्या कंप्रेसरवर, तीन ते सहा हजार. चिखलात आणि दगडांत शिरताना हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा आणि वेग माणसाच्या धावण्याइतका ठेवा. टायर पसरतो, पकड वाढते आणि दणके निम्म्यावर येतात. लाखाच्या किटनेही चालीत इतका फरक पडत नाही. डांबरावर येण्याआधी हवा परत दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरायचीच, नाहीतर टायर तापतो. तिसरा खर्च कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेल्या मापाच्याच ऑल-टेरेन टायरवर. इथला काळा दगड धारदार आहे, टायरची बाजूची भिंत मजबूत लागते. चौथा खर्च चेंबर आणि गिअरबॉक्सखालच्या जाड पत्र्यावर. पाचवा शिकण्यावर: महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाचं मैदान उभं केलं आहे, आणि चाक कुठे ठेवायचं हे कळलं की चाकोरीतल्या उंचवट्यावरूनही पोट न टेकवता जाता येतं.

आणि कितीही उंच गाडी असली तरी अंजनेरीच्या पठारावर चाकं घालू नका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या कंदीलपुष्पाची एक जात त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते आणि ती चाकाखाली गेली की परत येणार नाही.

एवढं करूनही गाडी टेकतच असेल तर दीड इंचापर्यंत थांबा. काम सुरू होण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपने मोजा आणि मेकॅनिकसमोर कागदावर लिहा. बसवल्यानंतर त्याच ठिकाणी परत मोजा. डाव्या-उजव्यात दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पैसे देऊ नका. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांगा. हवेत असतानाच आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत बसतात, लवकर फाटतात आणि चाल कडक होते. अलाइनमेंटला सहाशे ते बाराशे लागतात, त्याचा छापील कागद आधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागून घ्या. हेडलाइटचा झोत खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासणं आणि दुसरी अलाइनमेंट बिलात आधीच लिहून घ्या, कारण नवीन स्प्रिंगा तोवर थोड्या बसलेल्या असतात आणि पहिल्या दिवशीचं माप तेव्हा खरं राहत नाही.