बालकाच्या हाताला काम, घराला संवाद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी मान असतो शेतात राबणाऱ्या बैलांचा. या दिवशी तो मुलांच्या लाकडी नंदीला मिळतो. चाकांवरचा नंदी सजवून, दोरीने ओढत मुले घरोघर जातात आणि वडीलधारी माणसे त्यांच्या हाती बोजारा ठेवतात. सुताराने घडविलेल्या त्या नंदीची शिंगे आजोबा रंगवितात, झूल आई शिवते आणि बालक जवळ बसून रंगाची वाटी धरते. एका खेळण्याभोवती तीन पिढ्यांचे हात एकत्र येतात. हा सण जे एका दिवसापुरते साधतो, ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांत साधता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पोकळी कशी भरली गेली

कुडवा हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. अशा गावात शेती आणि शहर यांची सरमिसळ असते. रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीवर जाते, तर कुणाचे वडील शहरातील कामावरून रात्री परततात. दमलेल्या माणसाला मुलाचा हट्ट सोसवत नाही. मग रडणाऱ्या बालकाच्या हाती मोबाइल येतो आणि घर शांत होते. यात पालकांना दोष देणे सोपे आहे. परंतु मोबाइलने जी जागा घेतली, ती आधीच रिकामी झाली होती, हे ध्यानी घेतले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी बालकाला पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या बालकासाठी ही मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, आणि त्याहून कमी वेळ अधिक चांगला. बालक बसून असेल तेव्हा मोठ्यांनी त्याला गोष्ट सांगावी, वाचून दाखवावे, असेही त्यांत सुचविले आहे.

माती काय शिकविते

पडद्यावरील बैल बोट लावताच धावतो. मातीचा बैल मात्र सहज उभा राहत नाही. माती सैल झाली तर पाय वाकतात. कोरडी राहिली तर शिंग तुटते. बालक पुन्हा पाणी घालते, पुन्हा मळते. हे करताना बोटांना बळ येते, नजर आणि हात यांचा मेळ बसतो आणि आपली चूक आपणच सुधारता येते, हा विश्वास येतो. पुढे लेखणी धरण्याची तयारीही याच बोटांत होत असते.

दुसरा लाभ भाषेचा. आजीजवळ बसून बैल करणारे मूल वेसण, कासरा, झूल, बाशिंग हे शब्द ऐकते आणि वापरते. तणसाची बाहुली करताना त्याला धान, लोंबी, कोंडा यांची ओळख होते. पडदा बोलतो पुष्कळ, पण मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही. आजी थांबते. झाडीबोलीतील किती शब्द पुढच्या पिढीच्या तोंडी राहतील, हे अशा बैठकींवर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

हा विचार आपल्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा, अशी मांडणी केली. त्यातून नई तालीम आकारास आली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले यांतून बालशिक्षणाची साधने उभी केली. आदिवासी पाड्यांच्या अंगणात जाऊन त्यांनी अंगणवाडी चालविली.

अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे आहे. तेथे २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामस्थांनी निर्णय घेतला की, रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवावयाचे. सारे गाव मिळून नियम करते, तेव्हा एकट्या आईवरचा भार हलका होतो, हा त्यातील मोठा धडा आहे. मात्र पडदा बंद करणे हा निम्मा उपाय होय. रिकाम्या हातांना काही दिले नाही, तर ते पुन्हा मोबाइलकडेच वळतील.

गावात काय करता येईल

हाताला देण्यासारखे साहित्य गोंदिया जिल्ह्यात विपुल आहे. शेतात तणीस आहे, तळ्याकाठी माती आहे, पळसाची पाने आहेत. फाल्गुनात पळसाच्या फुलांपासून केशरी रंग होतो. हळद आणि गेरू घरातच मिळतात. बुरूड कारागिरांकडून बांबूच्या घासलेल्या कामट्या मिळू शकतात.

घरी रोज अर्धा तास पुरे. पत्रावळी टाचणे, सुतळीची वेणी घालणे, फाटक्या लुगड्याची बाहुली करणे यांपैकी एखादे काम मुलासोबत करावे. वस्तू सुबक व्हावी म्हणून ती त्याच्या हातून काढून घेऊ नये.

अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांनी महिन्यातून एक दिवस गावातील कुंभार, बुरूड, सुतार किंवा एखाद्या आजीला बोलवावे व पालकांनाही बसवावे. काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. कोयता, पाते मुलांच्या हाती देऊ नये. तीन वर्षांखालील मुलांपासून बिया व मणी दूर ठेवावेत, कारण ते घशात अडकतात. गुंज व एरंड यांच्या बिया विषारी असल्याने त्या मुळीच वापरू नयेत.

ग्रामपंचायतीने वडगावप्रमाणे ग्रामसभेत सायंकाळची वेळ ठरवावी. कारागीर टिकला तरच कला टिकेल, याचीही जाणीव हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, कुंभार, टोपली-चटई विणणारे आणि पारंपरिक खेळणी करणारे यांचा समावेश आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. पात्र कारागिराचा अर्ज तेथे अडून राहू नये, एवढी दक्षता सदस्यांनी घेतली तरी मोठे काम होईल.

तान्ह्या पोळ्याचा नंदी सण सरल्यावर फळीवर ठेवला जातो. पुढच्या वर्षी तो विकत आणलेला असेल की घरच्या हातांनी रंगविलेला, हे ठरविण्यास खर्च लागत नाही. मुलाशेजारी बसण्याची तयारी मात्र लागते.