बॅटरी बदलण्याआधी दोन आकडे पाहा

ताईंनो, गटाचा टेम्पो लातूर-नांदेडच्या बाजाराला निघताना सुरूच झाला नाही, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. दोष चार्जिंगचा असेल तर नवीही उतरते.

१. इंजिन बंद करून वायरची टोकं ढिली किंवा पांढरी पडलीत का बघा. काढताना आधी मायनसची वायर काढा.

२. रात्रभर उभ्या गाडीत १२ व्होल्टची भरलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ दाखवते.

३. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. १३ च्या खाली असेल तर पट्टा, अल्टरनेटर तपासून घ्या.

४. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर आटतं. बोअरचं नको, डिस्टिल्ड वॉटरच टाका. आत तेजाब असतं, वायूही पेट घेतो. काडी पेटवू नका.

मेकॅनिककडून दोन्ही आकडे वहीत लिहून घ्या. मगच बैठकीत खर्च मंजूर करा.