मशीन बिघडतं ते किनाऱ्यावर

छोट्या होडीच्या आउटबोर्ड मशीनने भर समुद्रात दगा दिला, की दोष उधाणाला, भेसळीच्या पेट्रोलला नाहीतर नशिबाला दिला जातो. माझं मत वेगळं आहे. यातले बहुतेक बिघाड मशीन चालताना होत नाहीत. ते बंद पडून असताना होतात आणि पाण्यात गेल्यावर फक्त दिसतात. हे मशीन समुद्राचंच पाणी ओढून थंड राहतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मशीन बंद केल्यावर आतल्या वाटांमध्ये उरलेलं पाणी वाळतं आणि मीठ तिथेच बसतं. रोज थोडं थोडं बसलेलं हे मीठ वाट अरुंद करतं, ॲल्युमिनियम खातं आणि एक दिवस मशीन तापून जाम होतं. म्हणून खरी देखभाल निघताना करायची नसते, परत आल्यावर करायची असते.

यावर कोणी म्हणेल, मागच्या बाजूने पाण्याची धार जोरात पडते, मग काळजी कसली? ती धार पंप चालू असल्याची खूण आहे. सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटा मोकळ्या आहेत, असं त्यावरून ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : मे महिन्यात प्यायला पाणी नाही, तिथे मशीन आतून धुवायला गोडं पाणी कुठून आणायचं? त्याला एक पिंप पुरतं. मशीनचा पाय पाणी ओढणारी जाळी बुडेल इतका आत सोडावा आणि मशीन न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवावं. तेच पाणी खारट लागेपर्यंत पुन्हा वापरता येतं. वरून बादली ओतल्याने मात्र फक्त झाकण धुतलं जातं. आणि पाण्याबाहेर मशीन क्षणभरही चालवू नये, कारण कोरड्यात फिरणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो.

‘वर्षातून एकदा मेकॅनिक बघतोच’ हे उत्तरही पुरेसं नाही. पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलेली तंगूस सील कापते, मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. काढलेलं तेल दुधाळ दिसलं, तर सील गेलं असं समजावं. हे तेल शंभर तासांनी तरी बदलावं. झिंकचा तुकडा मशीनऐवजी स्वतः झिजण्यासाठीच बसवलेला असतो. त्यावर रंग मारला की तो निकामी, आणि अर्धा झिजला की बदलायचा.

सगळ्यात जास्त नुकसान पावसाळ्यात होतं. होड्या शाकारतात, तेव्हा टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. ओलाव्याचं प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, तर टू-स्ट्रोकचं तेल वरच्या थरात राहतं. नळी ओढते तळातूनच, म्हणजे वंगणाविना. म्हणून शाकारण्याआधी टाकी रिकामी करावी, कार्बोरेटर निथळवावा, प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून दोरी हळूच ओढावी आणि मशीन उभंच ठेवावं, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. या कामाला अर्धा दिवस पुरतो. नारळी पौर्णिमेनंतर मशीन सुरू होत नाही, तेव्हा हाच वाचवलेला अर्धा दिवस आठवडाभराच्या बुडालेल्या मासेमारीने वसूल होतो.