इंग्रजीतले ‘माझे’ आणि आपले ‘माझे’

अकरावीसाठी शहरात येईपर्यंत इंग्रजी शब्दाच्या डोक्यावरचा तो स्वल्पविराम मला छपाईतला डाग वाटत असे. हसू नका. आमच्या घरात पहिले इंग्रजी पुस्तक माझ्याच पिशवीतून आले, विचारणार कोणाला? गेल्या वर्षी निबंधात मी ‘माय फादर फील्ड’ असे लिहिले. सरांनी लाल शाईने ‘फादर’पुढे ते चिन्ह आणि एक ‘एस्’ घातला. तेव्हापासून या चिन्हाने माझा पिच्छा पुरवला आहे.

आपली षष्ठी मालकाला लागते, पण ऐकते वस्तूचे. मुलाचा सदरा, मुलाची टोपी, मुलाचे दप्तर. शिवाय ‘मुलगा’चे ‘मुला’ होते ते वेगळेच. इंग्रजीत सदरा असो की टोपी, ‘बॉइज’ तो ‘बॉइज’च. मात्र गंमत अशी, की एका मुलाचे, अनेक मुलांचे आणि नुसते मुलगे हे तिन्ही कानाला ‘बॉइज’च ऐकू येतात. फरक फक्त डोळ्यांना : चिन्ह ‘एस्’च्या आधी, नंतर किंवा मुळीच नाही. जुन्या इंग्रजीतल्या प्रत्ययात ‘एस्’आधी एक ‘ई’ होता. तो गळाला आणि त्याच्या जागी पुढे हे चिन्ह आले. ‘इट्स’चे मात्र उलटे. मालकी सांगायची तर चिन्ह नाही. चिन्ह दिले की अर्थ ‘ते आहे’ असा होतो. इथे आमच्या वर्गातले हुशारही घसरतात.

काही बाबतींत मराठी अधिक नेमकी आहे, असे माझे मत. ‘त्याने आपली छत्री नेली’ आणि ‘त्याने त्याची छत्री नेली’ यांत भांडण होण्याइतका फरक आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’! तसेच मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत (हे उदाहरण केवळ व्याकरणासाठी), खोलीला खिडकी आहे. या साऱ्यांना इंग्रजीत एकच ‘हॅव’ पुरतो.

उलट आपण जिथे गप्प बसतो, तिथे इंग्रजी मालक विचारते. आपण नुसते ‘दात घासले’ म्हणतो. इंग्रजीत ‘माय टीथ’ म्हणावे लागते. दुसऱ्याचे कोण घासणार? ‘सावकाश होऊ द्या’ला ते ‘टेक युवर टाइम’ म्हणतात, म्हणजे वेळसुद्धा ज्याचा त्याचा. या ‘टेक’च्या जागी ‘यूज’ घातला तर व्याकरण मोडत नाही, पण बोलणे मोडते. शब्दांच्या अशा ठरलेल्या सोबतीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्यांना काय काय दिसले असेल, असे उगाच मनात येते. आपण परीक्षा देतो आणि सर ती घेतात. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि सर ‘गिव्ह’. आपण चूकही करतो आणि गृहपाठही करतो. त्यांची चूक ‘मेक’बरोबर जाते, गृहपाठ ‘डू’बरोबर. याला नियम नाही. मी जोड्या वहीत लिहून पाठ करतो.

आता त्या शेताविषयी. माझे वडील सालगडी आहेत. शेत मालकाचे आहे. मी सरांना म्हटले, “सर, या चिन्हाने शेत वडिलांचे होते. ते त्यांचे नाही.” सर थोडे थांबले. मग म्हणाले, “‘माय ट्रेन’ म्हणतोस तेव्हा गाडी तुझी असते का? ही विभक्ती नुसती मालकी सांगत नाही, संबंधही सांगते.” व्याकरण म्हणून ते मला पटले. आमचे वडीलही तसेच बोलतात. दिवाळीत घरी गेलो तेव्हा म्हणाले, “आपल्या रानातला हरभरा औंदा चांगला उगवलाय.”

पण सवलतीच्या अर्जात ‘वडिलांची जमीन’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिले होते, तेही याच हाताने. म्हणून निबंध पुन्हा लिहिताना ‘द फील्ड व्हेअर माय फादर वर्क्स’ असे लांबलचक वाक्य केले. सरांनी त्याखाली रेघ ओढली नाही.